टोकाची खोली

दुमेबी मोठा दिग्दर्शक आहे म्हणे. असेल. माझ्या लेखी तो एक गोडबोल्या मेला आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या घराची त्याने जी वाट लावली ती वैऱ्यालाही जमली नसती.

पहिल्यांदा आला तेव्हा दारात काय अदबीने उभा. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला सगळे मम्मीच म्हणतात. "मम्मी, घर बघू का जरा? कौटुंबिक सिनेमा आहे, थोड्या दिवसांचं काम." आमच्या असाबा शहरात सिनेमावाल्यांचा काही तुटवडा नाही, कुणाच्या ना कुणाच्या अंगणात त्यांचा जनरेटर घरघरत असतोच. म्हटलं, होऊ दे. आमच्या ह्यांनी सिमेंटचं दुकान चालवून, पोटाला चिमटा घेऊन हे दुमजली घर उभं केलं, आणि राहायला येऊन जरा कुठे टेकलो तर एका दुपारी झोपेतच हार्ट बंद पडून गेले. त्यांचं घर चार लोकांनी पडद्यावर बघावं एवढीच माझी हौस. माझी लेक इसिओमा तर नाचायचीच बाकी होती.

दुमेबी वरच्या मजल्यावर गेला. तिथे पॅसेजच्या टोकाला एक खोली आहे, तिच्यात माझं शिलाई मशीन आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणी. तिच्या बंद दारापुढे तो चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा राहिला. "हेच," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, खाली बैठकीची खोली बघ, नवे सोफे घेतलेत."

"सोफे सगळ्यांकडे असतात, मम्मी."

मग त्यांचे खेळ सुरू झाले. भर दुपारी जाड पडदे लावून अंधार केला. दिवा एकच, तोही जमिनीवर, आणि त्याच्यापुढे लाल कागद. कॅमेरा फरशीला टेकवलेला, त्यातून माझं साधं लाकडी दार छताच्याही वर गेल्यासारखं दिसायला लागलं. नटाला सांगितलं, हळू चाल, आणखी हळू, आणि दाराला हात लावू नकोस. मी विचारलं, "आत काय आहे ते दाखवणार कधी?"

"दाखवायचंच नाही. दाखवलं की माणूस सुटतो. मी कॅमेरा दारावर ठेवून देणार, बघणारा चुळबूळ करायला लागेपर्यंत. मग आत काय असेल ते तो स्वतःच ठरवतो, आणि मी दाखवलं असतं त्याहून भयंकर ठरवतो."

पोरगं हुशार आहे, म्हटलं. त्या सगळ्यांच्या जेवणासाठी मी खाली उखळात उकडलेले यामचे कंद कुटत होते, तर त्याच्या माणसाने माझ्यापुढे माईक आणून धरला. मला हसू आलं. मी आणखी जोरात कुटलं.

सिनेमा टीव्हीवर आला तेव्हा शेजारीपाजारी आमच्याच बैठकीत जमले होते. कौटुंबिक कसलं डोंबल. एक माणूस पैशासाठी करणी करून बायकोचा जीव बांधून ठेवतो, आणि कुठे, तर टोकाच्या खोलीत. लाल पॅसेज, बंद दार. गाणं नाही, बोलणं नाही, नुसता आतून एक जड आवाज. धप्प. बऱ्याच वेळाने पुन्हा धप्प. माझ्याच छातीत धस्स झालं, आणि मग ओळखलं. तो माझ्या मुसळाचा आवाज होता, मेल्याने संथ करून लावला होता. मी सगळ्यांना सांगितलं, अगं बायांनो, हे माझं याम कुटणं आहे. कुणी हसलं नाही. इसिओमा पाय वर घेऊन बसली होती.

तेव्हापासून गल्लीची नजर फिरली. सिमेंट विकून एवढं घर होतं का? एवढा धट्टाकट्टा माणूस झोपेत कसा गेला? ह्यांच्या मयताला जेवून गेलेल्यांना तेव्हा जे प्रश्न पडले नाहीत ते आता पडायला लागले. सिनेमात नवऱ्याने बायकोला खाल्लं होतं. गल्लीने ते उलटं करून माझ्या गळ्यात बांधलं.

आणि नेमकी तेव्हाच इसिओमाची सोयरीक जमत होती. मुलगा जिदेओफोर, नदीपलीकडच्या न्नेवीचा, मोटारीच्या सुट्या भागांचा धंदा, स्वभावाने गरीब. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. आमच्यात लग्नाआधी मुलाकडचे येऊन घराण्याची चौकशी करतात, की कुणी वेडं आहे का, चोर आहे का, अवेळी मेलं आहे का. त्याचे काका ओक्वुदिली आमच्या गल्लीत फिरून गेले आणि तिकडून बोलणंच थांबलं. इसिओमाने अन्न टाकलं. बाप नाही पोरीला, आता नवराही हातचा जातोय.

मी तडक दुमेबीला गाठलं. तो दुसऱ्या कुणाच्या घरात पडदे लावत होता. "तू केलंस ते तूच निस्तर," म्हटलं. "काकांपुढे येऊन दाखव, ही भीती कशी शिजवलीस ती."

आढेवेढे घेतले नाहीत, एवढं त्याच्या पदरात घालते. "येतो, मम्मी. पोट धरून हसतील ते."

जिदेओफोरने हातापाया पडून काकांना आणलं. माझ्या दिराने, ओनोचिएने, रीतीप्रमाणे स्वागताची कोलाची बी फोडून पाहुण्यांना दिली, आणि सगळे वर गेलो. दुमेबीने पडदे ओढले, दिवा जमिनीवर ठेवला, लाल कागद लावला, आणि काकांना कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. काका दोन पावलं मागे सरले. मग त्याने कागद काढला, पडदे उघडले, कॅमेरा माणसाच्या उंचीवर धरला. दार म्हणजे नुसतं दार. त्याने फोनवर तो धप्प आवाज लावला, मग वेग वाढवत नेला. "हे मम्मींचं याम. तेच तुम्हाला आता जेवायचंय."

"म्हणजे मी उखळाला घाबरलो?" काका म्हणाले आणि खरंच पोट धरून हसले. त्यांनी स्वतःच दार उघडलं. मशीन, गोणी, धूळ. गोणीला लाथ मारून ते म्हणाले, "सुनेचं माहेर म्हणजे गोदामच आहे की." इसिओमाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

जिना उतरताना काकांनी सहज विचारलं, "पण पोरा, असाबात इतकी घरं आहेत. मग हेच का घेतलंस?"

भाडं परवडलं म्हणायचं. बाजार जवळ, रस्ता रुंद, काहीही म्हणायचं. पण याला आपल्या कलेबद्दल कुणी विचारलं की संपलंच.

"खरं सांगू, काका? दिवा काय, कागद काय, कुणीही लावेल. वातावरण बाहेरून आणता येत नाही, ते जागेतच असावं लागतं. मी त्या दारापुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा यातलं काहीच लावलं नव्हतं, स्वच्छ उजेड होता. आणि माझ्या अंगावर काटा आला. नुसतं आठवलं तरी येतो. हे बघा."

बाही वर केली त्याने. सगळ्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं.

काकांनी जेवणाला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाले. मग घसा खाकरून माझ्या दिराशी बोलले, जणू मी तिथे नव्हतेच. "मुलगी चांगली आहे, आमच्या मुलाचा जीव आहे तिच्यावर. आम्ही मोडत नाही. पण लग्नाच्या रीती या घरात नकोत, हॉल घेऊ. आणि पुढे मूलबाळ झालं की मुलीच्या आईने यायची तसदी घेऊ नये. मूलही इकडे येणार नाही."

आमच्यात लेक बाळंत झाली की तिची आई तिच्या सासरी जाते. बाळाला न्हाऊ घालते, लेकीचं पोट कढत पाण्याने शेकते, मिरीचं तिखट सूप करून पाजते, महिना महिना राहते. भीक मागणाऱ्या आईचाही हा मान कुणी काढून घेत नाही. मी दुमेबीकडे बघितलं, तो वायर गुंडाळत होता. जिदेओफोर बुटांकडे बघत होता. मी तोंड उघडलं. त्या म्हाताऱ्याची अशी खरडपट्टी काढणार होते की नदीपलीकडे ऐकू गेलं असतं.

"चालेल, काका," इसिओमा म्हणाली.

लग्न वाचवायला बोलली, असं वाटलं मला. पाहुणे गेल्यावर मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "घाबरू नकोस. बाळाच्या वेळी मी येतेच. कोण अडवतं ते बघते."

"नको, आई." तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि न जेवलेली ताटं उचलायला लागली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाबा गेले त्या दुपारी तू कुठे होतीस?"

"झोपले होते," म्हटलं. "त्यांच्याच शेजारी."

खरंच झोपले होते. तिने मान हलवली आणि ताटं घेऊन आत गेली.