वीतभर पाणी

आमच्यात अबोला असला की निरोप टिल्ली पोचवायची. "तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय," असं मी म्हणायची, आणि हातभर अंतरावर बसलेला माणूस लेकीच्या तोंडून तेच पुन्हा ऐकल्याशिवाय ढिम्म हलायचा नाही. टिल्ली आमची एकुलती एक. चोवीस वर्षांची, घरात सगळ्यांत उंच, म्हणून गमतीने टिल्ली. पाय चालत नाहीत म्हणून तुम्ही मला टपाल खात्यात लावलंय, असं ती एकदा म्हणाली होती. आम्ही तिघंही हसलो होतो, पण अबोला काही मोडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने तिच्या पायांतलं बळ गेलं. जमिनीवर ती उभी राहू शकत नाही, पाण्यात राहते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हे सांगितलं, तेव्हा नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी मागच्या अंगणात दोऱ्या लावून आखणी केली. तो गवंडी. आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधलेल्या. आठ महिने खपून त्याने पोहायच्या तलावासारखा पूल बांधला, छातीइतक्या पाण्याचा, दोन्ही बाजूंना टिल्लीच्या हाताच्या उंचीवर गज बसवलेले. गेल्या गुरुवारी तिने गज सोडून अकरा पावलं टाकली. बाई म्हणाल्या, आता खंड पडू देऊ नका, एवढ्यात पाण्यातला व्यायाम सुटला तर कमावलेलं सगळं जाईल. शहरातल्या मोठ्या तलावात शिडीने उतरावं लागतं. ते तिला जमत नाही.

या वेळचा अबोला नऊ दिवसांचा होता. नणंद आली होती. पूल हिरवट का दिसतो, असं तिने मला विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तिला काय विचारतेस, तिला पाण्यातलं काय कळतं?" रोज सकाळी जाळी घेऊन त्या पुलातली पानं मी काढते. औषध मी टाकते. लेकीला कमरेला धरून पाण्यात मी उतरते. पण पाहुण्यांसमोर भांडायचं नाही म्हणून गिळलं, आणि गिळलेलं पोटात राहिलं.

वादळ येणार असं तीन दिवस सांगत होते. आमचं घर सखल भागात, म्हणून आदल्या संध्याकाळी माझी बहीण गाडी घेऊन आली आणि टिल्लीला तिच्या चाकाच्या खुर्चीसकट टेकडीवरच्या आपल्या घरी घेऊन गेली. जाताना टिल्ली म्हणाली, "दोघं धड बोला गं आता. मी नाहीये मध्ये."

सकाळी नवरा कामाला लागला. काम करताना तो देखणा दिसतो, हे मी अबोल्यातही नाकारणार नाही. पुलाकाठच्या खुर्च्या, छत्री, कुंड्या, जाळीचा लांब दांडा, सगळं उचलून खोपटात टाकलं. फांद्या छाटल्या. पुलाच्या मोटरीची वीज तोडली, तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने आवळलं. मग त्याने शेजाऱ्याचा पाणी उपसायचा पंप आणला, पुलात सोडला आणि पाइप रस्त्याकडच्या गटारात नेला. पंप सुरू झाला तेव्हा दहा वाजले होते.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. पाणी थोडं उतरवतात, एवढं मला माहीत होतं. पाऊस पडून पूल ओसंडू नये म्हणून.

अकरा वाजता पूलवाल्याचा फोन आला. तो महिन्यातून एकदा मोटर आणि गाळणी बघायला येतो. त्याने आधी नवऱ्याला लावला होता, तो उचलत नव्हता. पंपाच्या घरघरीत कुठला ऐकू येणार. त्याने मला नीट, दोनदा सांगितलं. "काकू, वीतभरच पाणी काढा. जास्त नाही. पूल रिकामा करू नका. तुमच्याकडे जमिनीत पाणी वर येतं. आत वजन नसलं तर तो अख्खा पूल नावेसारखा उचलला जाईल."

मी बाहेर गेले. पाणी तोवर हातभर उतरलं होतं. नवरा माझ्याकडे पाठ करून पाइप धरून उभा होता. मला कळलं की तो पूर्ण उपसणार आहे. त्याच्या टाक्या सगळ्या गच्चीवरच्या. तिथे रिकामी टाकी म्हणजे निर्धास्त टाकी. जमिनीतली एकही त्याने आधी बांधली नव्हती, आणि रिकामी झाली की ती वर उचलली जाते, हे त्या क्षणी मला माहीत होतं, त्याला नाही.

एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी दोरीवरचे कपडे काढत हवेला उद्देशून म्हणाले, "पूलवाल्याचा फोन होता. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं."

त्याने ऐकलं. मान जराशी वळली, म्हणजे ऐकलंच. पण त्याने विचारलं नाही. मीही थांबले नाही. मनात म्हटलं, मला पाण्यातलं कळत नाही ना, मग येऊ दे विचारत. येईलच. पाणी कमरेपर्यंत येईल तेव्हा येईल, जेवायला बसेल तेव्हा येईल. कपड्यांच्या घड्या घालत मी त्याची वाट पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. दोन वाजता पंप बंद झाला. नवऱ्याने तळ झाडून काढला आणि आत येऊन गपचूप जेवला. पूलवाला घाबरट आहे, एवढा काँक्रीटचा पूल कुठे उचलला जाणार, असं मी स्वतःला सांगितलं.

चार वाजता वादळ आलं. आम्ही दोघं मधल्या बोळात, खिडक्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसलो. पत्रे उडाल्याचे आवाज येत होते. अंधारून आल्यावर मागून एक आवाज आला, खालून, जमिनीच्या पोटातून, लांबलचक. नवऱ्याने माझा हात धरला. मी तो धरू दिला. तेव्हाही मी बोलले नाही. आता बोलून काय होणार होतं?

सकाळी पाऊस उघडला. पुलाचं पलीकडचं टोक जमिनीतून कमरेएवढं वर आलं होतं. तळाला आडवी चीर गेली होती, पाइप मुळांसारखे उपटले होते आणि एका बाजूचा गज वाकून आभाळाकडे बघत होता. नवरा आत उतरला आणि चिखलात बसला. बराच वेळ त्याने त्या चिरेवरून हात फिरवला.

दुपारी पूलवाला आला. त्याने पुलाभोवती एक फेरी मारली आणि हे आता जोडता येणार नाही, फोडूनच काढावं लागेल, असं सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "काकू, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो फक्त पाहत राहिला आणि मग त्याने नजर खाली केली, जणू लाज त्याचीच होती.

एवढ्यात बहिणीची गाडी दारात थांबली. टिल्लीची खुर्ची चिखलातून ढकलत आणायला वेळ लागला. अंगणाच्या तोंडाशी आल्यावर तिने पूल पाहिला. आधी तिला कळलंच नाही. मग तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नवीन बांधायला किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

मागच्या वेळी आठ महिने लागले होते, हे तिलाही ठाऊक होतं.

"रिकामा का केला?"

मी तोंड उघडलं. नवरा माझ्या आधी बोलला.

"तुझ्या आईने सांगितलं होतं मला, करू नका म्हणून. मीच ऐकलं नाही."

पूलवाला पाइप गोळा करायला वाकला होता, तो तसाच थांबला. टिल्लीने वडलांकडे इतक्या रागाने पाहिलं, जितक्या रागाने तिने आजवर कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं. आता बोलायचं होतं. तो पुढ्यात उभा होता, पूलवाला साक्षीला होता, आणि वाक्य पुन्हा एकच होतं: मी सांगितलं नव्हतं.

"आई, मला आत ने," ती म्हणाली.

मी खुर्ची वळवली आणि तिला आत घेऊन गेले.