यतिनच्या छत्तीस फेऱ्या

या, असे जवळ सरकून बसा. माघी पौर्णिमेची गोष्ट सांगते, आजचीच, अजून ओली आहे.

सिडनीबाहेर एका कोरियन मठात ओढ्यावर लाकडी पूल आहे. मूळचा कोरियातल्या एका खेड्यातला. फळीन् फळी सोडवून इथे आणली, कुजलं तिथे नवं लाकूड सांधलं, जीर्णोद्धार केला. त्यांच्या चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या माघीला, वयाइतक्या वेळा कुठलाही पूल ओलांडला की दुखणं टळतं, अशी त्या लोकांची रीत.

सिडनीतल्याच स्कोफिल्ड्सच्या विनिताला हे कोरियन शेजारणीने सांगितलेलं. तिचा धाकटा भाऊ यतिन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या खाणीत इंजिनिअर. नऊ दिवस पर्थला व्हेंटिलेटरवर. सकाळी भावजयीचा फोन आला, "ताई, उद्या मशीन काढायचं म्हणतायत." विमान रात्रीचं. तोवर घरात बसवेना, म्हणून बाई मठाकडे निघाली.

चपला अलीकडे काढल्या. फेब्रुवारीचं, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातलं ऊन, फळ्या तव्यासारख्या तापलेल्या. अंगात सवय प्रदक्षिणेची: एकदा अनवाणी चालायला लागलं की वाटेबाहेर पाय टाकायचा नाही. शेवटच्या फळीवरूनच ती मागे वळायची. पेरं मोजत छत्तीस केल्या, भावाच्या वयाइतक्या, आणि हात जोडले.

फाटकावरचे यून आजोबा बघत होते. "पलीकडच्या मातीला पाय एकदाही लागला नाही तुझा," ते हळूच म्हणाले. "पुलावर येरझारा घातल्यास, पोरी."

"एकही धरायची नाही, अंकल?"

"धरणारा मी कोण? चारला फाटक बंद. वीस मिनिटं आहेत."

ती पुन्हा निघाली. आता मातीपर्यंत. अकराव्या फेरीला तळव्याचे फोड फुटले आणि ती खालीच बसली.

"नाव काय भावाचं?"

"यतिन."

"यात्तिन," म्हणत आजोबा काठी टेकत पलीकडे गेले. परतणाऱ्या लोकांनाही त्यांनीच थांबवून यतिनच्या नावाने पूल ओलांडायला सांगितलं. दोन कोरियन म्हाताऱ्या हसत पूल ओलांडून आल्या. आइसबॉक्स उचलून निघालेला एक गोरा गडी म्हणाला, "नो वरीज, लव्ह," आणि नाव चुकवतच तीनदा ओलांडून आला. फाटक लागलं तेव्हा एकोणतीस भरल्या होत्या.

"सात राहिल्या. उद्या घालते."

"उद्या पौर्णिमा नाही," आजोबा म्हणाले.

एवढं तिने विमानतळावरून मला फोनवर सांगितलं, आणि विमानात चढली. या घडीला ती आकाशात आहे. चंद्र मात्र अजून आपल्या डोक्यावर आहे. घरी जाताना वाटेत जो पूल लागेल, तिथे गाडीतून उतरा. पलीकडच्या मातीला पाय लावा आणि यतिनची आठवण करा. सात जण पुरेत.