सव्वा रुपयाचा उंबरठा

"थांब नूरभाई, बसवू नोको!"

गुणवंतराव धापा टाकत आले, तेव्हा नूरुद्दीन मिस्त्री खांद्यावरचा सागवानी उंबरठा त्यांच्या नव्या घराच्या दारात टेकवतच होता. त्यांच्या पत्नी गुणाबाई हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या.

चिमूरकडची जुनी रीत. घराचं सारं लाकूड मालकाचं, मिस्त्रीची नुसती मजुरी. पण उंबरठा मात्र मिस्त्रीने आपल्या घरून आणायचा आणि त्याचा सव्वा रुपया घ्यायचा. फुकटचा उंबरठा घराला लाभत नाही म्हणे. नूरुद्दीनच्या प्रत्येक उंबरठ्याला त्याची बायको अमिना आठ-आठ दिवस जवसाचं तेल पाजायची. हा तिच्या हातचा शेवटचा. महिन्यापूर्वी तापाने ती गेली.

"काल चांद्याले वकिलाकडं गेलतो," गुणवंतराव म्हणाले. "विक्रीकराची भानगड हाय. नुसती मजुरी घेतली तं तू मजूर. आपलं लाकूड देऊन पैसे घेतले तं ठेकेदार! मंग साऱ्या कामावर कर. तुले हिशेबाची वही ठेवा लागन, मले जबाब द्या लागन."

"सव्वा रुपयापायी?"

"वकील म्हणते, रुपया असो का हजार."

"मंग पैसे नोका देऊ. असाच ठेवा."

गुणाबाईंनी मान खाली घातली. "फुकटचा कसा घेऊ, भाऊ? लेकराबाळाचं घर हाय."

याच्यावर अमिनाचा हात फिरलाय, एवढंच नूरुद्दीनला सांगायचं होतं. पण बायकोचं नाव घेऊन मालकाकडे रदबदली कोण करतं? त्याने गुणवंतरावांचंच लाकूड तासलं, उंबरठा बसवला, मजुरी घेतली आणि आपला उंबरठा उचलून घरी आला.

त्याच्या दाराला उंबरठा नव्हता. "दुनियेच्या दारात सागवान, अन् आपल्या दारात माती," अमिना चिडवायची. "पुढचा आपला," तो म्हणायचा. असे पंधरा-वीस 'पुढचे' गावोगाव गेले, स्वतःसाठी त्याने एक ठेवला नाही.

त्याने लाकूड दोन बोटं कापलं आणि दारात बसवलं. आत जाताना ठेच लागली. इतकी वर्षं सपाट दारातून जायची सवय. मग मात्र त्याला रडू आवरेना.

डोळे पुसून तो उठला. कोनाड्यात अमिनाची तेलाची वाटी होती, तळाशी जवसाचं तेल सुकून चिकट झालेलं. मजुरीतून त्याने सव्वा रुपया मोजला आणि वाटीत ठेवला.