सातव्या रकान्यात काय लिहायचं?

मित्रांनो, माझ्याकडे पाहून पहिल्यांदा कुणालाच कळत नाही की मी काय आहे. कुणी म्हणतं बंद पडलेला टीव्ही, कुणी म्हणतं फोटोची रिकामी चौकट. एका पाहुण्याने तर माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता! मी एक्स-रे पाहायची पेटी आहे. जुनी आहे, पण भंगार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी पाठ पत्र्याची, तोंड दुधी काचेचं आणि पोटात दोन ट्यूबलाइट. डोक्यावर चिमट्यांची पट्टी. काळी फिल्म त्या पट्टीत सरकवली की 'खट्' आवाज व्हायचा आणि माझ्या उजेडात माणसाच्या आतलं सगळं दिसायचं. बरगड्या, मणके, एखाद्या कार्ट्याने गिळलेलं नाणंसुद्धा. हे चित्र वाचणाऱ्या डॉक्टरला रेडिओलॉजिस्ट म्हणतात. आमच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर हे काम करायचे. मोठे म्हणजे मानाने. उंचीने ते बेताचेच होते, वरची फिल्म काढायला स्टूल घ्यायचे.

काय दिवस होते ते! खिडकीला जाड काळा पडदा, फिल्म धुवायच्या फिक्सरचा आंबूस वास आणि माझ्यासमोर दाटीवाटीने उभे असलेले शिकाऊ डॉक्टर. मोठे डॉक्टर फिल्मचा मधला भाग तळहाताने झाकायचे आणि म्हणायचे, "आधी कोपरे बघा. मधलं काय, ते आंधळ्यालाही दिसतं." मग एखादा हुशार पोरगा काहीतरी ठोकून द्यायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "वा! काय उजेड पाडलात!" सगळे हसायचे. उजेड मी पाडत होते, पण श्रेय कोण देतं?

फिल्म काढणारा आणि धुणारा माणूस वेगळा. त्याला तंत्रज्ञ म्हणतात. आमचा तंत्रज्ञ शांत, काटेकोर. ओल्या फिल्मचं पाणी निथळल्याशिवाय तो माझ्या अंगाला ती लावायचा नाही. दर शनिवारी माझी काच मऊ फडक्याने पुसायचा. त्याला एकदा उत्तम कामाबद्दल चांदीचा छोटा पेलाही मिळाला होता.

मग संगणक आले. फिल्म गेल्या, फिक्सरचा वास गेला, काळा पडदाही गेला. मला भिंतीवरून उतरवून मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत टाकलं. तिथे मी चार वर्षं होते. कोळी माझ्या चिमट्यांत जाळी विणायचे. वाईट वाटायचं हो, फार वाईट वाटायचं. तंत्रज्ञ निवृत्त झाला तेव्हा लोक त्याला भिंतीवरचं घड्याळ देणार होते. तो म्हणाला, "घड्याळ राहू दे, ती पेटी द्या." लोक हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

त्याने मला बाहेरच्या खोलीत टांगलं आणि त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. "लोकांच्या भिंतीवर निसर्गचित्रं असतात. आपल्या भिंतीवर काय? दुसऱ्यांच्या बरगड्या!" पण त्यांची मुलगी माझ्यासमोरच अभ्यास करून डॉक्टर झाली, पुढे रेडिओलॉजिस्टही झाली. बाहेर सगळे तिला मॅडम म्हणतात. घरात ती अजून बबडीच आहे.

बबडी एका लहान दवाखान्यात तात्पुरत्या जागेवर काम करत होती. त्या महिनाअखेर ती जागा संपणार होती. तेवढ्यात मोठ्या रुग्णालयात एक कायमची जागा निघाली. जागा एक आणि अर्ज करणारे पंचवीस. घरात दुसरा विषयच राहिला नाही. बबडीने प्रमाणपत्रं लावली, अर्ज भरायला घेतला. सहा रकाने भराभर झाले आणि सातव्यावर गाडी अडली. तिथे लिहिलं होतं: "तुमच्या हातून झालेली एक चूक आणि त्यावर तुम्ही काय केलंत, ते सांगा."

बबडीने पेन चावलं आणि लिहिलं, "मी कामात इतकी बुडून जाते की स्वतःकडे दुर्लक्ष होतं."

बाबांनी, म्हणजे आमच्या तंत्रज्ञाने, ते वाचलं. "ही चूक आहे की स्वतःचीच पाठ थोपटणं?"

"बाबा, सगळे असंच लिहितात."

"असेल. आधी मुलाखतीची तालीम करू, मग बघू."

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल माझ्यासमोर आलं. आईने चष्मा नाकावर ओढून जाहीर केलं, "अध्यक्ष मी! हं, बोला, आमच्याच रुग्णालयात का यायचंय तुम्हाला?"

बबडी ताठ बसली. "आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा आणि अत्याधुनिक सुविधा..."

"बाई गं! हे तर दुकानाच्या पाटीसारखं झालं. खरं सांग ना."

"खरं म्हणजे... तिथे दुसरं मत विचारायला शेजारी माणूस असतो. आत्ता मी एकटीच असते."

"हे सांग की मग!" आई म्हणाली.

मग बाबांनी जुन्या पाकिटातून शिकवायची एक फिल्म काढली आणि माझ्या पट्टीत सरकवली. छातीची फिल्म होती. माझी एक नळी दोनदा लुकलुकली आणि लागली. बबडी पुढे आली. "उजवीकडची सातवी बरगडी मोडलीय," ती लगेच म्हणाली आणि हसून मागे वळली.

"आणखी?" बाबांनी विचारलं.

तिने पुन्हा पाहिलं. वर, गळ्याच्या हाडाआड, वाटाण्याएवढा पांढुरका डाग होता. तो दिसला आणि तिचा चेहराच उतरला. ती खुर्चीत बसली ती उठेचना.

"काय झालं गं?" आई चष्मा काढून तिच्याजवळ आली.

आठ महिने पोटात ठेवलेलं तिने तेव्हा सांगितलं. शिडीवरून पडलेला एक रंगारी आला होता. तिने मोडलेली बरगडी शोधली, अहवाल दिला आणि तिथेच थांबली. फुप्फुसावरचा डाग तिच्या नजरेतून सुटला. आठवड्यातून दोनदाच येणाऱ्या तिच्या वरिष्ठांनी दोन दिवसांनी तो पकडला. रंगाऱ्याला परत बोलावलं, उपचार वेळेत सुरू झाले. "एक सापडलं की मी शोधायचंच थांबवते, बाबा. हे लिहिलं तर मला कोण घेईल?"

"लिहू नकोस," आई पटकन म्हणाली. "आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?"

बाबा उठून आत गेले आणि एक छोटी डबी घेऊन आले. त्यात शिशाची दोन अक्षरं होती, एक डाव्या बाजूचं आणि एक उजव्या. फिल्म काढताना त्यातलं योग्य ते शेजारी ठेवायचं, म्हणजे चित्रात बाजू कळते.

"मी एकदा चुकीचं ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "एका आजीबाईंच्या गुडघ्याला. दोन्ही गुडघे दुखायचे त्यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं."

मित्रांनो, ती दुपार मला पाठ आहे! ती फिल्म माझ्याच अंगावर होती. नुसत्या गुडघ्यावरून डावा-उजवा मलाही ओळखता आला नाही. मोठ्या डॉक्टरांनी सही करून टाकली होती. अक्षरं डबीत परत ठेवताना आमच्या तंत्रज्ञाच्या लक्षात आलं, पण तो लगेच आला नाही. तासभर फिल्म धुवायच्या डार्करूममध्ये बसून राहिला. मग डबी घेऊन दारात येऊन उभा राहिला. "साहेब, अक्षर चुकलं," एवढंच त्याला बोलता आलं.

"साहेब ओरडले?" बबडीने विचारलं.

"नाही. म्हणाले, बस. त्या खोलीत तोपर्यंत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मग आम्ही नवी फिल्म काढली. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारायचो, जास्त दुखतंय तिथे स्वतःचा हात ठेवा. मगच अक्षर ठेवायचो. पण तो एक तास, बबडे, मी गप्प बसलो होतो. तो अजून सलतो."

दुपारी बबडीने जुनं वाक्य खोडलं आणि सातवा रकाना खरा भरला. आईने मान हलवली, पण अर्जाचं पाकीट तिनेच चिकटवलं.

मुलाखतीच्या दिवशी घरात कुणाचा पाय ठरत नव्हता. चार वाजता बबडी आली. टाचांना फोड आले होते, चपला हातात होत्या. "चौघंजण होते. आल्या आल्या सातव्या रकान्यावरच गेले."

"मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली.

"ऐक तर. अध्यक्षबाईंनी विचारलं, तो रंगारी आता कसा आहे? मी म्हटलं, पुन्हा कामावर जातो. तपासणीला आला तेव्हा मीच त्याला सांगितलं की पहिल्यांदा तो डाग माझ्या नजरेतून सुटला होता. त्यांनी विचारलं, मग तो काय म्हणाला? मी म्हटलं, खूप चिडला, तोंडाला येईल ते बोलला. मी ऐकून घेतलं. आता कितीही घाई असली तरी पहिलं सापडल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून बघते."

"आणि त्या?" बाबांनी विचारलं.

"त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःची चूक सांगितली. मग शेजारच्या डॉक्टरांनी त्यांची. बाहेरचे उमेदवार ताटकळले असतील!"

नऊ दिवसांनी पत्र आलं. जागा बबडीला मिळाली होती. आईने ते तीनदा वाचलं आणि रडली. बाबा छाती फुगवून म्हणाले, "मी सांगितलंच होतं!"

"सांगितलंत, पण किती उशिरा!" बबडी म्हणाली. "लहानपणापासून तो चांदीचा पेला दाखवलात मला. ही डबी कधी दाखवली नाहीत."

बाबांनी खाली पाहिलं. "तुझ्या नजरेतून उतरेन असं वाटायचं."

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटत होतं, बाबा. आठ महिने."

बाबांनी तिला जवळ घेतलं. तो इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी रडला नव्हता, त्या दिवशी रडला.

मित्रांनो, माझी एक नळी आता गेली आहे आणि दुसरीचाही भरवसा नाही. जमलं तर कधीतरी मऊ फडक्याने माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंची धूळ पुसा. नाही जमलं तर मी रुसणार नाही. पण एक कराच. आज जेवताना घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, कामात तुमचं काय चुकलं होतं? ते आधी विषय बदलतील. मग म्हणतील, गप्प जेव. तुम्ही पुन्हा विचारा.