डांबरगोळ्यांत राहिलेली कुंची

मित्रांनो, मला खुशाल नाकाजवळ धरा, आता माझ्या अंगाला कसलाच वास येत नाही. मी खणाची जुनी कुंची आहे. बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागे पाठभर उतरते, ती कुंची. आजकाल फोटोपुरतीच कुणी घालतं, म्हणून हे सांगावं लागलं.

माझा जन्म एकोणीसशे छप्पन सालचा, हुबळीच्या दाजीबानपेठेतला. कृष्णाबाईंच्या घरी खाली कापडाचं दुकान आणि वर राहणं. मुलगा वसंत झाला तेव्हा त्यांनी दुकानातला जांभळा खण निवडला, आतून मऊ मलमल लावली, काठाला जर जोडली आणि मला स्वतःच्या हातानं शिवलं. वसंताला मला घालून त्या दारात उभ्या राहिल्या की शेजारणी थांबून बघत, आणि कौतुकानं मी फुगून जात असे. पण बाळं मोठी होतात आणि कुंच्या ट्रंकेत जातात. मीही गेले, मूठभर डांबरगोळ्यांसोबत. दर दिवाळीला झाकण उघडायचं, झिजलेल्या गोळ्यांच्या जागी नव्या पडायच्या आणि पुन्हा अंधार व्हायचा. मला कसर लागली नाही म्हणून मी त्या गोळ्यांचे उपकारच मानत होते.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी वसंताची बायको मंगला बाळंतपण आटोपून धारवाडच्या सप्तापुराहून, म्हणजे माहेराहून सासरी आली. कडेवर तीन महिन्यांचा यशवंत होता. कृष्णाबाईंनी त्याच दिवशी मला बाहेर काढलं. नातवाला न्हाऊ घातलं, डोक्यापाठीला पुन्हा तेलाचा हात फिरवला आणि त्या तेलकट अंगावरच मला बांधलं. इतक्या वर्षांनी बाळाचा स्पर्श झाला, मला तर भरून आलं. मंगलाला मात्र राहवलं नाही.

"आई, हिला उग्र वास येतोय. एकदा धुऊन घालू या का?"

"कापडवाल्यांच्या घरात कापडाचा वास यायचाच," कृष्णाबाई म्हणाल्या. "होईल सवय."

मंगला मास्तरांची मुलगी, सासरी नवी. तिनं बाळाला पाळण्यात निजवलं.

दोन-तीन दिवसांत यशवंत दूध पिईना. ओठ पांढरे पडले, डोळे पिवळे झाले आणि लंगोट कोऱ्या चहाच्या रंगानं भिजू लागला. सगळे इस्पितळाकडे धावले, मी पाळण्यातच राहिले. तिथं त्याला रक्त चढवलं आणि हळूहळू गडी हसायला लागला. घरी आल्यावर कृष्णाबाईंनी त्याची दृष्ट काढली आणि लाडानं पुन्हा मलाच त्याच्या डोक्यावर चढवलं. पुन्हा तेच सगळं झालं.

या खेपेला मी त्याच्या अंगावरच इस्पितळात गेले. डॉक्टर हेमावती कानडी घरातल्या, पण आमच्याशी मराठीत बोलत. बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकताच कृष्णाबाई म्हणाल्या, की आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही, हे आईच्या रक्तातलं. मंगलानं मान खाली घातली. मला तिची कीव आली. माझ्या बाळाच्या मुळावर कोण उठलंय ते कळेना, आणि त्या न दिसणाऱ्या वैऱ्याचा भयंकर राग आला.

"पेशी फुटतात एवढं कळून भागत नाही, अज्जी," हेमावती म्हणाल्या. "कशानं फुटतात ते कळलं नाही, तर उपाय चुकायचा आणि पोर हातचं जायचं."

मग त्या एकेक शक्यता बाजूला काढत गेल्या. काही मुलांच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, याच्या तशा नव्हत्या. काहींच्या गोल आणि नाजूक असतात, पुढे कधी कधी पोटातली प्लीहा काढावी लागते. त्यासाठी आईबापांचंही रक्त पाहिलं, तसं काही दिसलं नाही. कधी शरीरच आपल्या पेशींना परकं समजून मारतं, तीही तपासणी निर्दोष निघाली. प्रत्येक वेळी वसंताला हायसं वाटायचं आणि पोर मात्र आणखी पिवळं पडायचं. मी त्याच्या पाठीला घट्ट बिलगून होते. दुसरं मी काय करणार होते?

एका सकाळी हेमावतींनी त्याला तपासायला उचलून खांद्याशी धरलं. त्यांचं नाक माझ्यात आलं आणि त्या जागीच थांबल्या.

"याला डांबरगोळ्यांचा वास कुठून येतो?"

कृष्णाबाईंनी मला हुंगलं. त्यांना वास येईना. वसंतानं हुंगलं, त्यालाही येईना. दोघांचा जन्म त्याच वासात गेलेला.

"मला येतो," मंगला हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येतो."

हेमावतींनी मला तिथल्या तिथं उतरवलं आणि बाळाला स्वच्छ पुसून इस्पितळाच्या धुतलेल्या दुपट्यात गुंडाळलं. रक्ताच्या थेंबाला वेगळा रंग देऊन त्यांनी पुन्हा पाहिलं. काही पेशींची कड कुणी चावा घेतल्यासारखी तुटली होती आणि आत काळसर ठिपके होते. पेशींना सांभाळणारं एक द्रव्य काही मुलांच्या रक्तात कमी असतं, त्या सांगू लागल्या. एरवी अशी मुलं ठणठणीत असतात. पण डांबरगोळ्यांची वाफ श्वासातून आणि तेल लावलेल्या कातडीतून आत गेली, की त्यांच्या पेशी फुटतात. ही उणीव मुलाला आईकडून मिळते, हेही त्यांनी लपवलं नाही.

"पण अज्जी, तीच उणीव घेऊन हा तीन महिने आईच्या माहेरी गुटगुटीत होता."

मी बाकावर पडले होते, माझा कानांवर विश्वास बसेना. ज्या वैऱ्याला मी शिव्या घालत होते, तो माझ्याच मलमलीत दडून बसला होता. ज्याला ऊब देते असं समजत होते, त्याला मीच मारत होते. मित्रांनो, आजही ते आठवलं की माझी जर थरथरते.

यशवंत वाचला. पुन्हा रक्त द्यावं लागलं, पण तो वाचला. घरी येताच कृष्णाबाई मला घेऊन तडक न्हाणीघरातल्या पेटत्या बंबाकडे निघाल्या. मंगलानं त्यांचा हात धरला.

"जाळू नका, आई. तुम्ही हातानं शिवलीय."

मग घरातल्या साऱ्या डांबरगोळ्या बाहेर गेल्या. कृष्णाबाई मला धूत आणि गच्चीवर उन्हात टाकत. संध्याकाळी मला नाकाशी धरत, काही कळत नसे. मग जिना उतरून सुनेकडे येत.

"बघ गं, गेला का?"

"अजून येतोय, आई."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उन्हात. "माझं चुकलं" असं त्या सुनेला कधी म्हणाल्या नाहीत, फक्त रोज तिच्यापुढे मला धरत राहिल्या. मंगला "आता नाही येत" म्हणाली, तोवर यशवंत गच्चीवर रांगत होता. मला कुणालाच घातलं नाही. कृष्णाबाईंनी माझी घडी केली आणि मला मंगलाच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याजवळ ठेव. माझ्या नाकाचा भरवसा नाही."

तेव्हापासून मी तिच्या कपाटात आहे. मित्रांनो, आठवणीचे कपडे जरूर जपा, पण बाळाच्या घरात डांबरगोळ्या ठेवू नका, आणि जुनं कापड बाळाच्या अंगाला लावण्याआधी ते धुवा, उन्हात टाका. आणि घरात नवं आलेलं माणूस वास येतोय म्हणालं, तर त्याला सवय होईल म्हणू नका. आधी खिडकी उघडा.