सिंधुताईंच्या हातचा काला

छत्तीसगढमधल्या हथखोजच्या पलीकडे, जिथं शेतं सुरू होतात तिथं, विटांचा एक कारखाना कित्येक वर्षं बंद पडून होता. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून ज्या विटांचं अस्तर लागतं, त्या विटा इथं भाजल्या जायच्या. पुढे मागणी गेली, मालक गेले, छपराचे पत्रेसुद्धा गेले. उरली एक चिमणी, घुमटासारखी एक भट्टी, विटा वाळवायची लांबलचक शेड आणि फाटकाशेजारच्या खोलीत राहणाऱ्या सिंधुताई.

सिंधुताईंचे यजमान चिंधू भंडाऱ्याकडचे. आधी भट्टी लावणारे, कारखाना बंद पडल्यावर तिथलेच चौकीदार. भट्टी पेटवायच्या आधी तिच्या तोंडाशी बायकोनं दिवा लावायचा, अशी त्यांची रीत होती. भट्टी विझली, चिंधू गेले, तरी सिंधुताईंनी दिव्याचा नेम मोडला नाही. रोज तिन्हीसांजेला त्या भट्टीच्या तोंडाशी पणती ठेवायच्या आणि पुटपुटत नामस्मरण करायच्या. जिनं पोट भरलं तिला विसरायचं कसं, एवढाच त्यांचा भाव.

त्याच शेडमध्ये विदर्भातून आलेली मराठी मंडळी दर वर्षी सप्ताह बसवीत. सात दिवस हरिनाम, रोज कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. दही, लाह्या, लोणचं, भिजवलेली डाळ एकत्र कालवायची, हंडीत भरायची, कीर्तनाच्या शेवटी हंडी फोडायची आणि मग ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या तोंडात घास भरवायचा. तिथं साहेब नाही, मजूर नाही. ज्यानं असा घास खाल्ला आहे त्याला त्याची गोडी सांगायला नको. हा काला कालवायचा मान सिंधुताईंचा. त्यांच्या हाताला वेगळीच चव होती, असं सगळे म्हणत.

यंदा मात्र त्या जागेवर घरं उठत होती. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. म्हणून मंडळींनी सोसायटी काढून ही जमीन घेतली. श्यामराव अध्यक्ष. जमीन घेतली त्या दिवशी त्यांनी सर्वांसमोर सांगितलं होतं, "सिंधुबाई, तुझी खोली पाडावी लागेल. पण इथं मंदिर बांधू, त्याच्या बाजूची एक खोली मरेपर्यंत तुझी. तू अन् तुझे टाळ." त्या एका शब्दावर सिंधुताई निर्धास्त होत्या. दुसरं घर त्यांना नव्हतंच.

सप्ताहाच्या आधी एके सकाळी बायका शेडमध्ये लाह्या निवडायला बसल्या होत्या. श्यामरावांच्या पत्नी कलावतीबाई मधोमध होत्या. गळा गोड, कीर्तनाचं वेड, स्वभाव मायाळू. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सून मृणाल नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. पोटातलं लेकरू गेलं होतं.

"बाई, लाह्या निवडून राहिल्या का मोजून राहिल्या?" बोरकरबाईंनी चिमटा काढला. बायका हसल्या. मग त्यांनीच आवाज उतरवला. "सूनबाईचं आयकलं. मागच्या साली बी असंच झालं होतं नं?"

"हो."

"मंग नागपूरले दाखवा एकदा. कूसच अशी असन तं पोराचं काय करता? सुजयले दुसरी..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. सगळ्यांचे हात थांबले होते.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कलावतीबाईंच्या ओठांवर आलं होतं. सोनोग्राफी झाली त्या मंगळवारी त्या मृणालजवळच उभ्या होत्या. ठोका बंद पडलाय, असं होतं, यात कुणाचा दोष नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण ठोका आपोआप थांबला असं सांगितलं तर बायका सुनेच्याच कुशीवर बोट ठेवणार, मग लेकाचं घर मोडणार. कलावतीबाईंना सुनेला वाचवायचं होतं. आणि त्या क्षणी त्यांना गुरुवारची दुपार आठवली, सिंधुताईंनी आणलेल्या कोथिंबिरीच्या वड्या आठवल्या.

"कुशीले काई नाई झालं," त्या म्हणाल्या. "सिंधू आली होती. मृणालले सांबारवडी आवडते म्हणून घेऊन आली. आपल्या हातानं भरवली, पोटावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्या लागलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त मंगळवार त्यात नव्हता.

"अन् थे भट्टीत रोज दिवा लावते," एक जण म्हणाली.

"बिना नवऱ्याची बाई. कोनासाठी लावते वो?"

कोपऱ्यात विटा उचलणारी एक मजूरबाई सगळं ऐकत उभी होती. तिनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं आणि एकच शब्द उच्चारला, "टोनही."

टोनही म्हणजे चेटकीण. छत्तीसगढमध्ये हा शब्द ज्या बाईला चिकटतो, ती पुढे माणूस उरत नाही. कलावतीबाई चपापल्या. नाही गं, तसं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी पुढची लाही उचलली.

तो शब्द त्याच दिवशी बांधकामावर फिरला. ठेकेदार अरुणकुमारला तो आयताच सापडला. टेकू न लावता भट्टीची कमान पाडायला घेतली म्हणून ती कोसळून एका मजुराचा पाय मोडला होता. आता त्याला कारण मिळालं. "श्यामराव जी, जब तक वो औरत यहाँ है, काम नहीं होगा. लेबर भाग रहा है. और उसके बगल में मकान कौन लेगा, आप ही बताइए," तो म्हणाला.

त्या दिवशी जेवताना कलावतीबाईंनी विषय काढला. "अहो, मी तसं नाही म्हटलं. लोकं तिले काई करतीन."

"काई नाई करत. घाबरन अन् जाईन कुठीतरी." श्यामरावांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. "मंदिराजवळची ती खोली पार्किंगमध्ये घ्यायची असं कमिटीचं चाललंच होतं. तू टोनही म्हटलं का तिले?"

"नाई."

"मग? तुले कायचं पाप?"

सप्ताह बसला. वीणा उभी राहिली. सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, नमस्कार करून, नाम न तोडता. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं दुसरा पहारेकरी येईस्तोवर जागा सोडायची नाही. त्या दुपारी पहारा कलावतीबाईंचा होता.

शेडच्या समोरच, फाटकाजवळ, गर्दी जमली. अरुणकुमारच्या माणसांनी जवळच्या गावातून झाडफूक करणारा बैगा आणला होता. सिंधुताई पारायणाच्या पंगतीसाठी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. तिथून त्यांना दंडाला धरून ओढत आणलं. सुरुवातीला त्यांना वाटलं, काहीतरी थट्टा आहे.

"अरे पोट्टेहो, काऊन वढता? माहा हात मोडन नं."

बैग्यानं मिरच्यांची धुरी त्यांच्या नाकाशी धरली. खोकता खोकता त्या खाली बसल्या. त्यांचा पदर घसरला तो कुणी उचलला नाही. एकानं कात्रीनं त्यांचे केस कापले, ओंजळभर पांढरे केस. भट्टीच्या तोंडची पणती आणून त्यांच्यासमोर टाचेखाली चिरडली. ज्या बायकांच्या बाळंतपणात सिंधुताईंनी रात्री जागून काढल्या होत्या, त्यांपैकी दोघींनी त्यांचे हात धरले होते.

बोरकरबाई घाईघाईनं शेडमध्ये आल्या. "बाई, थो बैगा विचारते. सूनबाईनं हिच्या हातचं खाल्लं का नाई?"

कलावतीबाईंच्या गळ्यात वीणा होती. बोटं तारेवर होती.

"खाल्लं," त्या म्हणाल्या.

समोरून सिंधुताईंनी हाक मारली, "बाई, तुमी सांगा वो यायले. तुमाले ठावं हाय मी कशी हाव थे. तुमी म्हना फक्त, सोडतीन थे मले."

वीस पावलंही अंतर नसेल. वीणा ठेवून जाता येत नव्हतं. निदान कलावतीबाईंनी स्वतःला तेच सांगितलं. वीणा घेऊन चालता येतं, वीणा गळ्यात असतानाही तोंड उघडता येतं, हे त्यांना त्या वेळी सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, ते देव जाणे. त्यांनी डोळे मिटले आणि तार छेडली. विठ्ठल, विठ्ठल.

बैग्यानं सिंधुताईंच्या दोन्ही तळहातांवर कापूर ठेवून पेटवला. निर्दोष असली तर भाजणार नाही, असा त्याचा न्याय. हात भाजले. न्याय झाला.

पहारा बदलायला बाई आली तेव्हा कलावतीबाईंनी वीणेला डोकं टेकवलं, रीतसर तिच्या गळ्यात घातली, तिच्या पाया पडल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा सिंधुताईंची पेटी फाटकाबाहेर होती आणि खोलीवर जेसीबी चालत होता.

काल्याच्या दिवशी तुमसरच्या रुक्माताई कीर्तनाला उभ्या राहिल्या. शेड भरली होती. घरातच पडून असलेली मृणाल पहिल्यांदा बाहेर पडून सासूच्या शेजारी येऊन बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रुक्माताई रंगल्या. गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली, कुणाची भाकर शिळी, कुणाची करपलेली, देवानं सगळी एकत्र कालवली आणि कुणाचा हात स्वच्छ, कुणाचा मळका हे न बघता प्रत्येकाच्या हातून घास घेतला. ऐकताना लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कलावतीबाईंच्याही.

हंडीखाली येऊन रुक्माताई थांबल्या. "अन् आमची काला कालवनारी कुठी हाय? सिंधुताई?"

टाळ थांबले. मृणालनं वळून विचारलं, "हो, मावशी कुठे आहेत? मला भेटायलाही नाही आल्या."

"तिचं नाव नोको घेऊ पोरी," मागून बोरकरबाई कुजबुजल्या. "तिनंच खाल्लं तुहं लेकरू. वडीतून."

मृणालला आधी कळलंच नाही. मग तिनं सासूकडे पाहिलं. कलावतीबाई हंडीकडे बघत होत्या. मृणाल भिंतीचा आधार घेत उठली.

"किसने बोला ये?" तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "माझ्या बाळाचा ठोका मंगळवारीच बंद पडला होता. डॉक्टरनं सांगितलं. मावशी आल्या गुरुवारी. उनको तो मालूम भी नहीं था, मीच नाही बोलले, एवढ्या प्रेमानं आणलं म्हणून खाल्लं. आई माझ्यासोबत होत्या सोनोग्राफीला." ती थांबली. "आई, तुम्ही सांगितलं नाही यांना?"

श्यामराव उपरण्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले.

रुक्माताईंनी गळ्यातला हार काढून हंडीच्या दोरीला अडकवला. "ही हंडी मी नाई फोडत," त्या शांतपणे म्हणाल्या. "येताना फाटकाबाहेर एक बाई तोंड झाकून बसली दिसली. पयला घास जिच्या तोंडात जायचा, थेच हाय थे. तुमच्या हातून होत असन तं जा, घेऊन या. नाई तं हे सात दिवस आपन गळे काढले, देव नाई जेवला."

कलावतीबाई उठल्या. हंडीत न मावलेला काला परातीत होता. त्यातला वाटीभर घेतला आणि त्या चालू लागल्या. मागून मृणाल, तिच्यामागून सगळी शेड.

सिंधुताई रस्त्याच्या कडेला पेटीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला फडकं, दोन्ही हात पदराखाली. माणसं येताना दिसली तशा त्या अंग चोरून मागे सरकल्या.

"जवळ नोका येऊ बाई. सूनबाईले तं बिलकुल नोका आनू. माही नजर पडन."

"सिंधू," कलावतीबाई धुळीत गुडघे टेकून बसल्या. एवढ्या लोकांसमोर, मोठ्यानं बोलल्या. "तुझ्या हातानं काही झालं नाही. लेकरू आधीच गेलं होतं. डॉक्टरनं मले सांगितलं होतं. मी लपवलं. मी पापी आहे, तू नाही."

सिंधुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर कलावतीबाईंनी तो प्रसादासारखा घेतला असता. राग नव्हता. माया होती.

"नाई बाई. तुमी माहं मन राखून राह्यल्या." त्या समजावल्यासारखं बोलत होत्या. "त्या दिवशी मी तुमाले हाक मारली. तुमी नाई बोलल्या. वीना होती तुमच्या गयात. वीना घेऊन कोनी देवाचं मानूस खोट्याले साथ देईन का? मले तवाच समजलं. माह्यातच असन काईतरी. माहा नवरा गेला, कारखाना गेला, आता हे लेकरू. मले ठावं नव्हतं वो बाई, नाई तं मी वडी आनलीच नसती."

मृणाल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, मला भरवा," ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं, लहान मुलासारखं. तशीच बसून राहिली.

पदराखालचे हात बाहेर आले नाहीत.

मृणाल त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेली. बाईला टोनही म्हणणं हाच या राज्यात गुन्हा आहे, हे तिनं हवालदाराला ऐकवलं. तिच्या मागे साक्षीला रुक्माताई उभ्या राहिल्या आणि दाराशी चप्पल काढून, मान खाली घालून कलावतीबाई. त्यांनी स्वतःचं नाव पहिलं लिहायला सांगितलं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा सिंधुताई एवढंच म्हणाल्या, "माह्यावर कोनी काई केलं नाई, साहेब. दोष माह्या हाताचा हाय."

घरं आता उभी आहेत. फाटकावर देवाचं नाव कोरलेलं आहे. मंदिराशेजारची खोली मृणालनं भांडून मिळवली. सिंधुताई तिथं राहतात, आणि कुणाचं लेकरू खेळत खेळत दाराशी आलं की आतून कडी लावून घेतात. टाळ खुंटीवर आहेत. कलावतीबाईंनी पुन्हा वीणा गळ्यात घेतली नाही. दर सप्ताहाला त्या कीर्तनाआधी उभ्या राहतात आणि तो मंगळवार सर्वांना सांगतात, अगदी पहिल्यापासून. शेवटच्या दिवशी हंडी बांधली जाते आणि तशीच उतरवली जाते.

ज्या हातांनी ती हंडी भरायची, ते हात पदराखालून बाहेर काढायचे आहेत. वाचणाऱ्यांनो, तुमच्या गळ्यात आज कुठली वीणा आहे ते एकदा बघा, आणि समोरून कुणी हाक मारत असेल तर वीणा गळ्यात असतानाच बोला.