चित्रात न येणारी ओळ

“उत्तमराव, तो चौकोन माऊसने हलणार नाही. ओढाओढी बंद आता.”

शरच्चंद्र खुर्चीच्या मागे उभा होता. वयाने सोळा वर्षांनी लहान, हुद्द्याने चार पायऱ्या वर. उत्तमने माऊस सोडला.

“मग हलवायचा कसा?”

“हलवायचा नाही, लिहायचं. कोणाकडून कोणाकडे, मध्ये बाण. चित्र टूल काढतं.”

“आणि चौकोन कुठे बसवायचा?”

“तेही टूलच ठरवतं. तुम्हाला ताप नाही.” शरच्चंद्र हसला. “तुमची दोनशे चौदा चित्रं शुक्रवारपर्यंत लिहून द्या. मग बघू तुमचं काय करायचं ते.”

मग बघू म्हणजे काय, ते अख्ख्या मजल्याला माहीत होतं. बावीस वर्षं उत्तम ह्या कंपनीत सॉफ्टवेअरची चित्रं काढत होता. बसच्या तिकिटाची मागणी इथून निघते, तिथे थांबते, बँकेला विचारून परत येते. इंजिनिअर मंडळी तीच चित्रं समोर ठेवून कोड लिहीत. एखादा चौकोन मुद्दाम लांब कोपऱ्यात का, हे मात्र उत्तमलाच विचारावं लागे. ऑफिस आता काचेच्या टॉवरमध्ये होतं. टॉवरच्या जागी पूर्वी त्याचा बाप कामाला होता ती गिरणी होती, हे त्याने ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी त्याने एकशे चौदावं चित्र घेतलं. आधी सीट अडवायची, मग बँकेला विचारायचं. बाण उलटा लिहिला तर टूल निमूटपणे उलटं चित्र काढणार, आणि दोन-तीन महिन्यांनी एकच सीट दोघांना विकली जाणार. मग येतील हातापाया पडत. त्याने बाण उलटा लिहिला. चित्र अगदी देखणं आलं. फाईल न पाठवता तो घरी निघाला.

भोईवाड्याच्या खोलीत उत्तम आणि त्याचा बाप धोंडू समोरासमोर जेवायला बसत आणि एकमेकांशी बोलत ते उत्तमच्या बायकोमार्फत, राधामार्फत. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, चार दिवसांचं भांडण असेल.

“राधा, विचार ह्याला, आज तोंड का वाकडं,” धोंडू म्हणाला.

राधा वाढत राहिली. इतक्या वर्षांत निरोप पोचवायचं तिने सोडून दिलं होतं. ऐकू सगळ्यांनाच जायचं.

“सांग त्यांना, माझं सगळं काम लिहून मागितलंय. लिहून झालं की घरी बसवणार. त्यांना कळेल. त्यांनी पण हेच केलंय.”

ब्याऐंशीच्या संपात, आठव्या महिन्यात, धोंडू मागच्या गेटने गिरणीत गेला होता. तो जॅकार्ड मागाची कार्डं पंच करी. साडीच्या काठावरचं फूल पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकांनी लिहायचं. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो आणि माग फूल विणतो. पहिल्या कार्डाच्या कडेला, जिथे मागाची सुई पोचत नाही तिथे, प्रत्येक जण आपलं एक भोक पाडून ठेवी. कापडात ते दिसत नसे. कार्ड हातात घेणाऱ्याला मात्र कळे, हे कुणाचं.

संपावर जाताना कुणीतरी रागाने कार्डं ओवलेल्या दोऱ्या कापल्या. नुसता ढीग राहिला, आणि क्रम फक्त धोंडूच्या डोक्यात. परत कामावर घेऊ, असा मालकाचा शब्द मिळाल्यावर त्याने दोन दिवसांत सगळ्या कार्डांवर नंबर घातले. गठ्ठे भिवंडीच्या मागांवर गेले, शब्द हवेत गेला. चाळीने दाराला शेण फासलं. अकरा वर्षांच्या उत्तमला नळावर कुणी उभं करीना.

“एक कार्ड इकडचं तिकडे केलं असतंत तर फूल फाटलं असतं,” उत्तम एकदम सरळ बापाशीच बोलला. “आले असते परत नाक घासत. का नाय केलंत?”

राधाचा पळीचा हात थांबला.

“केलेलं,” धोंडू म्हणाला. “पयल्या दिवशी. बाराव्याच्या जागी तेरावं. दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ केलं. माझ्या हातचं फूल होतं ते.”

“आणि आमच्या दारावरचं शेण?”

“ते मीच खरवडलं. तू काय आलेलास मदतीला?” मग सुनेकडे बघून म्हणाला, “राधा, आमटी वाढ. गार झाली तर अजून बोलेल हा.”

दुसऱ्या दिवशी उत्तमने एकशे चौदाव्यातला बाण सरळ केला. करताना बापाला मनातल्या मनात एक कचकचीत शिवी हासडली.

शुक्रवारी दोनशे चौदा झाली. शरच्चंद्रने येऊन एक फाईल उघडली. सगळ्यात वरच्या ओळीत एकेरी अवतरणचिन्ह होतं आणि त्याच्यापुढे एक टिंब.

“हे काय?”

“काही नाही. अवतरणाने सुरू झालेली ओळ टूल वाचत नाही. चित्रात येत नाही ती.”

“मग ठेवायची कशाला?” शरच्चंद्रने वाकून ओळ पुसली. “सोमवारी एचआरला भेटून घ्या.”

उत्तमने डबा पिशवीत भरला, खुर्ची टेबलाखाली सरकवली. उरलेल्या दोनशे तेरा फायली उघडून बघायला शरच्चंद्रला सवड नव्हती.